जलसंपन्न टेंभरखेड

परोपकारी माणूस मला चालतो. परोपकाराचं ऑफिस चालत नाही. माणसाला निदान कधीतरी ओशाळं वाटतं, ऑफिसाला तेवढंही वाटत नाही. माझं मत कलुषित आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा टेंभरखेडला यावं आणि आमच्या पोस्टाच्या भिंतीवरची पितळी ढाल पाहावी. तिच्यावर मध्यभागी खाण कंपनीच्या शेठजींच्या मातोश्रींचा मुखवटा आहे आणि खाली ‘आदर्श जलसंपन्न ग्राम’ अशी अक्षरं आहेत. ती आता नीट वाचता येत नाहीत. ढाल काळी पडली आहे, कारण ती धुवायला गावात पाणी नाही.

मी टेंभरखेडचा पोस्टमास्तर. जळगाव जामोदहून निघालेली एस.टी. रस्ता संपला म्हणून जिथे थांबते ते आमचं गाव. पुढे सातपुडा, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चुनखडीची खाण. महाराष्ट्र नवा नवा झाला त्याच सुमारास ही कंपनी आली. आता सगळ्यांचा विकास होणार असं त्या दिवसांत जो तो म्हणत असे, त्यामुळे आम्हीही हारतुरे घेऊन गेलो होतो. मग रोज दुपारी सुरुंग उडायला लागले. पोस्टातले शिक्के टेबलावर नाचायचे, घराघरांतल्या फडताळांवरून ताटं खाली यायची. तेही आम्ही सोसलं. पण एका वर्षी गावच्या विहिरीचं पाणी खाली खाली गेलं आणि मग गेलंच. कंपनीचे इंजिनियर पाहायला आले. विहिरीत डोकावून म्हणाले, “पाण्याचं काही सांगता येत नाही.” एवढं सांगायला त्यांना जीपमधून यावं लागलं.

तेव्हापासून गावातल्या बाया टेकडीपलीकडे नदीच्या कोरड्या पात्रात जाऊ लागल्या. तिथे वाळूत झिरे खोदायचे, पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं गुंडात, म्हणजे पितळी भांड्यात, भरायचं आणि गुंड डोक्यावर घेऊन टेकडी चढायची. आमच्या घरून आशाबाई जायची, म्हणजे माझी बायको. शेजारच्या मंजुळाबाईची तिला सोबत असे. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आशाबाईची कंबर धरली. एकदा तिनं गुंड ओट्यावर ठेवला, भिंतीला टेकली आणि म्हणाली, “औंदा गावात पानी नाई आलं तं मी चालली मलकापूरले, भावाकडे. तुमी बसा इथं शिक्के मारत.”

आशाबाई पोकळ धमकी देत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं जे जे करीन म्हटलं ते केलेलं मी पाहिलं आहे. मला धडकी भरली. मला स्वयंपाक येत नाही हे एक झालंच, पण ती नसली की घर मला खायला उठतं. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला ते माहीत आहे आणि ती त्याचा पुरेपूर उपयोग करते. म्हणून मी अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज कोणाकडे? तर कंपनीनं नुकताच शेठजींच्या मातोश्रींच्या नावानं लोककल्याण ट्रस्ट काढला होता. आजूबाजूच्या खेड्यांचा सर्वांगीण विकास हा त्याचा उद्देश होता. माझी मागणी अगदी लहान होती. विहीर थोडी खोल करून द्यावी, बस्स. पण आमच्या गावात कुणी कागद पुढे ओढला की चार माणसं ओट्यावर येऊन बसतात. पोस्टाला लागून उकंडरावांचं किराणा दुकान. ते गिऱ्हाईक सोडून आले.

“मास्तर, अर्ज इंग्रजीत करा,” ते म्हणाले. “मराठी अर्ज ते वाचत नाईत. मले मालूम हाय. थे रद्दी माह्याच दुकानात येते. मी तिच्यात हळद बांधतो.”

तुळशीराम हा जंगल खात्यातून निवृत्त झालेला गार्ड. त्याचं म्हणणं आणखी वेगळं. “खोल करून काऊन मागता? पंप मागा. पंप मागतला तं दोर तरी भेटन. दोर मागतला तं काईच नाई भेटत.”

“पंप आला तं पानी ठेवान कशात?” सरपंच भगवंतरावांनी विचारलं. “टाकी लिव्हा.”

अशा रीतीनं विहीर खोल करण्याच्या साध्या अर्जात पंप आला, टाकी आली, चौकाचौकात नळ आले. कोणीतरी टाकीवर शेठजींच्या मातोश्रींचा पुतळा बसवायचीही सूचना केली. माझा मूळ मजकूर शोधायला मलाच चष्मा पुसावा लागला. तरी इंग्रजी मी असं झोकदार लिहिलं की वाचून दाखवलं तेव्हा उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना इंग्रजी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

ट्रस्टचं ऑफिस कंपनीच्याच बंगल्यात होतं. दार तेवढं दुसरं. आत कारकूनही एकच. सकाळी तो कंपनीचा असे, दुपारी खुर्ची फिरवून बसला की ट्रस्टचा. मी सकाळी गेलो तर म्हणाला, “दुपारी या.” दुपारी गेलो तेव्हा त्यानं अर्ज वाचला आणि परत केला.

“सुरुंगामुळे विहीर आटली असं लिहिलंय तुम्ही. ते कंपनीचं काम. ट्रस्टचा आणि कंपनीचा काही संबंध नाही.”

“मग कंपनीकडे द्या.”

“कंपनी सकाळी असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसानं त्याच खुर्चीत बसून मला सांगितलं की पिण्याचं पाणी हा लोककल्याणाचा विषय आहे, कंपनी त्यात पडत नाही. शेवटी मी सुरुंगाचं वाक्य काढून टाकलं. आता अर्जाप्रमाणे आमची विहीर आपली आपणच आटली होती, कुणाचाही दोष नव्हता. तो अर्ज ताबडतोब स्वीकारला गेला. पाहणी करायला ट्रस्टचे कल्याण अधिकारी देवस्थळी साहेब स्वतः येतील असा निरोपही मिळाला.

इथून पुढे जे घडलं त्याला मी जबाबदार नाही. जबाबदार उकंडराव आहेत.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, मग गूळपाणी, दूरचा असेल तर आंघोळीला ऊन पाणी. पाहुण्यापुढे पाण्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. गाव उपाशी झोपेल, पण पाहुण्याचा तांब्या रिकामा ठेवणार नाही. त्यातून उकंडरावांच्या मुलाची सोयरीक चालली होती, आणि साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर नेमका मुलीकडच्या गावचा निघाला. ही बातमी कळताच उकंडराव धोतराचा सोगा सावरत माझ्याकडे धावत आले.

“मास्तर, ह्या गावात पानी नाई असं त्या ड्रायव्हरानं पाह्यलं तं सोयरीक मोडली समजा. कोन देईन आपली पोरगी झिऱ्यावर पानी भराले?”

“पण पाणी नाही हेच तर साहेबांना दाखवायचंय!”

“साहेबाले दाखवा ना. ड्रायव्हराले काऊन दाखवता?”

लग्नाची मुलं गावात पुष्कळ होती. हां हां म्हणता सगळं गाव उकंडरावांच्या बाजूचं झालं. पाहणीच्या दिवशी बाया पहाटेपासून झिऱ्यावर गेल्या. आशाबाई कंबरेला पदर आवळून गेली. मी नको म्हणालो तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “गावच्या अब्रूचा सवाल हाय,” असं तिला सरपंचांनी स्वतः सांगितलं होतं.

साहेब आले तेव्हा टेंभरखेड ओलंचिंब होतं. अंगणाअंगणात सडा घातलेला. बैलांची टाकी काठोकाठ भरलेली. तुळशींना इतकं पाणी घातलेलं की मुळं उघडी पडली होती. साहेबांचे पाय धुतले, ड्रायव्हरचे धुतले, आणि नको नको म्हणत असताना साहेबांना ऊन पाण्यानं आंघोळ घातली. पुणेरी माणूस. “अहो, मी सकाळीच स्नान करून निघालोय,” असं ते म्हणत राहिले. पण भगवंतरावांनी त्यांच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतलाच.

मग आम्ही विहिरीवर गेलो. निदान तिथे तरी सत्य उघडं पडेल अशी माझी आशा होती. साहेबांनी वाकून खडा टाकला. डुबुक असा आवाज आला. मी चमकून भगवंतरावांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते. विहिरीतून पाणी काढून घरी न्यायचं एवढंच मला ठाऊक होतं. घरून पाणी आणून विहिरीत ओतायचं हा नवा शोध आमच्या सरपंचांचा. पहाटे त्यांनी बायांकडून गुंडामागून गुंड त्या कोरड्या विहिरीत ओतून घेतले होते. पाहुण्याला विहीर रिकामी दाखवायची नाही म्हणून.

“साहेब, हे पाणी खरं नाही,” मी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब वळून म्हणाले, “पोस्टमास्तर, अर्जातलं इंग्रजी तुमचंच का? फारच उत्तम आहे हो! आमच्या मुंबई ऑफिसातसुद्धा असं कुणी लिहीत नाही.”

मी गप्प बसलो. तुम्हीही बसला असता. इतक्या वर्षांत माझ्या इंग्रजीचं कुणी कौतुक केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलेलं नाही.

थोड्या दिवसांनी ट्रस्टचा निकाल आला. टाकी शेजारच्या काजळवाडीला मंजूर झाली. काजळवाडीच्या लोकांनी साहेबांना पाणी नाही म्हणून प्यायलाही दिलं नव्हतं, असंस्कृत लोक. टेंभरखेडला मात्र उत्तम जलव्यवस्थेबद्दल ढाल जाहीर झाली. ती गावाच्या वतीनं मी स्वीकारायची होती, इंग्रजीमुळे.

मी घरी वाचून दाखवलं. आशाबाई पोळपाट सोडून उठली. “आता इंग्रजी प्या,” एवढंच म्हणाली आणि ट्रंकेत लुगडी भरायला लागली. त्या ट्रंकेच्या कडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला खरोखर रडू आलं. मी तिला म्हणालो, “समारंभ होईतो थांब.” ती म्हणाली, “थांबते. मले तुमचा समारंभ पाहाचाच हाय.” मला वाटलं, ती निवळली.

समारंभाच्या दिवशी शामियाना लागला. देवस्थळी साहेब आले, कंपनीचे मॅनेजर आले, जळगाव जामोदहून तिपाईवरच्या कॅमेऱ्यासह फोटोग्राफर आला. शेठजींच्या मुंबईच्या ऑफिसला दर वर्षी एक रंगीत पुस्तक काढायचं असतं. त्यात ट्रस्टनं केलेल्या कल्याणाचे फोटो लागतात. फोटो नसला तर कल्याण झालंच नाही असं धरतात. हे मला साहेबांनी स्वतः सांगितलं, तेही अभिमानानं.

आधी जेवण होतं, मग ढाल. पंगत बसली. बायांनी स्वयंपाकात कसूर केली नव्हती. पुरण होतं, भात होता, आणि पातोड्यांचा रस्सा होता. आमच्या वऱ्हाडी रश्श्यावर तेलाचा लाल तवंग असतो, आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जरा जास्त लाल होता. साहेबांनी पहिला घास घेतला, कौतुक केलं, दुसरा घेतला आणि त्यांचे कान तांबडे झाले. हात तांब्याकडे गेला. तांब्या रिकामा. शेजारच्याचा घेतला. तोही रिकामा. सगळ्या पंगतीत घासूनपुसून लखलखीत केलेले तांबे होते आणि एकातही थेंब नव्हता.

“पाणी!” साहेब म्हणाले.

कोणी हललं नाही. भगवंतराव वाढणाऱ्या बायांकडे डोळे वटारून पाहत होते. सगळ्या बाया पदर खोचून ओळीनं उभ्या होत्या. आशाबाई पुढे झाली.

“पानी तं तुमच्या ढालीवर लिव्हलं हाय ना साहेब. संपन्न हाय म्हनून. घ्या तिच्यातूनच.”

मंजुळाबाई मागून म्हणाली, “का मंग पुन्हा इहिरीत ओतू आमी? पाह्यटंच सांगतलं असतं तं ओतलं असतं.”

साहेबांना त्यातलं काही कळण्याच्या स्थितीत रश्श्यानं ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ते उठले, जीपकडे धावले आणि इंजिनात घालायला ठेवलेला पाण्याचा गंजका डबा त्यांनी तोंडाला लावला. नेमकी तीच वेळ साधून फोटोग्राफरनं बटण दाबलं. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की साहेब उठले की फोटो घ्यायचा. शरमेनं माझी मान खाली गेली. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

उकंडरावांची सोयरीक त्याच दुपारी मोडेल असं वाटलं होतं. पण ड्रायव्हर ओठ पुसत म्हणाला, “आमच्याकडं बी हेच हाय. तुमच्यापक्षा दूर जावं लागते.” उकंडरावांनी इतके दिवस ज्याच्यापासून पाण्याची टंचाई लपवली, त्याच्याच गावची मुलगी झिऱ्यावर जाऊन तयार झालेली होती. त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि मला तोंड दाखवलं नाही.

आता ट्रस्टची पंचाईत झाली. डबा तोंडाला लावलेल्या अधिकाऱ्याचा फोटो रंगीत पुस्तकात छापता येईना. समारंभ पुन्हा करायचं ठरलं. या खेपेला मात्र ट्रस्टनं शहाणपणा केला. जीपच्या मागे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीवर पाण्याची मोठाली पिंपं. आपल्या माणसांच्या पिण्याची सोय आपणच करून आणली होती.

ट्रॉली चौकात उभी राहिली आणि मंजुळाबाई पदर सावरत पुढे आली. “पाहुन्यानं आनलेलं वापस नेऊ द्यायची आमच्याकडं रीत नाई, साहेब. गावाचा अपमान होते.” असं म्हणून तिनं तोटी सोडली. हां हां म्हणता गावातले गुंड, घागरी, बादल्या, कढया ट्रॉलीपाशी आल्या. देवस्थळी साहेब आधी गोरेमोरे झाले. मग फोटोग्राफरकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. “उत्तम! ट्रस्टतर्फे जलवाटप! हेही येऊ दे.” आम्ही सगळे पिंपांपुढे उभे राहिलो. मला मध्ये घेतलं, हातात ढाल दिली. ऊन समोरून येत होतं. बटण दाबलं गेलं आणि माझे डोळे मिटले.

फोटो धुऊन आला तेव्हा साहेब हसरे होते, मॅनेजर रुबाबदार होते, आणि आदर्श जलसंपन्न ग्रामाचा प्रतिनिधी मध्यभागी उभ्या उभ्या झोपलेला दिसत होता. मुंबईनं तो परत पाठवला. मला कमीपणा वाटला. पोस्टात येणारा प्रत्येक जण त्यावर काही ना काही बोलून जाई. तुळशीराम तर डोळे मिटूनच तिकिटं मागायचा. मी संतापून घरी आलो, तर आशाबाई ट्रंकेतून लुगडी काढून दांडीवर टाकत होती. बऱ्याच दिवसांनी घरात धुणं झालं होतं.

“पुन्हा येनार हायत ना थे?” तिनं विचारलं.

“यावंच लागेल. फोटो बिघडला.”

“पिंपं घेऊन?”

“अर्थात.”

त्या रात्री तिनं मला वाटीत पुरण वाढलं, मागितलं नसताना.

पुढच्या आठवड्यात ट्रस्ट पुन्हा आला. चौकात तीच ट्रॉली, तीच पिंपं. बाया या वेळी दोन रांगा करून शिस्तीत उभ्या होत्या, कुणाला काही सांगावं लागलं नाही. साहेबांनी माझा खांदा धरून मला पुन्हा मध्ये उभं केलं. मी कोट घातला होता, भांग पाडला होता. या वेळी नाव काढायचं असा माझा निश्चय होता.

“मास्तर, डोळे उघडे ठेवा बरं,” काळ्या कापडात डोकं घालत फोटोग्राफर म्हणाला.

माझ्या मागे कुणीतरी घागर टेकवली. पाठीशी आशाबाईचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू येईल असा.

“मिटूनच ठेवा. आपला रांजन अजून अर्धाच भरला हाय.”